लहानपणीच्या टीव्ही गेमसाठी स्वतः गेम लिहिणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निन्टेन्डोच्या फॅमिकॉम-एनईएस घराण्यातल्या मशीनसाठी घरच्या घरी गेम लिहिणाऱ्यांकडून आणि लिहू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे अगदी प्राथमिक आहेत. ज्यांचा गेम अर्धा झालाय आणि आता कुठेतरी अडकलाय, त्यांनी थेट प्रश्न ११ पासून वाचलं तरी चालेल.

१. नेमकं कोणतं मशीन? माझ्याकडे होता तो निन्टेन्डोचाच होता का?

बहुधा नाही. मूळ फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आला. १९८५ मध्ये तोच नव्या पेटीत, एनईएस या नावाने अमेरिकेत गेला. एनईएसचं उत्पादन १९९५ मध्ये थांबलं, जपानमधला फॅमिकॉम मात्र २००३ पर्यंत बनत होता. आपल्याकडे घराघरात आला तो क्लोन: ६० पिनांची कॅसेट, 'इतके हजार इन १' असं लेबल आणि आत फॅमिकॉमच्या चिपांची नक्कल. ती नक्कल इतकी जवळची आहे की एकच प्रोग्रॅम दोन्हीकडे चालतो. जिथे फरक पडतो त्या जागा प्रश्न १२ आणि १८ मध्ये आहेत.

२. मशीन कधीच बंद झालंय. मग आज त्याच्यासाठी गेम लिहायचा कशाला?

कारण हे मशीन एका माणसाला पूर्णपणे समजू शकतं. आजच्या फोनमधली प्रत्येक चिप काय करते हे सांगू शकेल असा माणूस नाही. या मशीनचा मात्र प्रत्येक रजिस्टर (चिपेतला आकडा ठेवायचा कप्पा), प्रत्येक बाइट, पडद्यावरची प्रत्येक रेघ कधी आखली जाते हे काही महिन्यांत तुमच्या डोक्यात बसतं. आणि ते बदलत नाही. आज लिहिलेली फाइल उद्याच्या एखाद्या अपडेटने मोडत नाही.

मर्यादेत काय काय बसतं हे पाहायचं असेल तर २०१९ चा 'मायक्रो मेजेस' बघा. चार जणांनी एकत्र खेळायचा हा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे: ३२ प्रोग्रॅमसाठी, ८ चित्रांसाठी. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चं मापही नेमकं हेच.

३. आत आहे तरी काय?

प्रोसेसर ६५०२ जातीचा, १.७९ मेगाहर्ट्झचा. त्यातली दशमान गणिताची सोय तेवढी काढून टाकलेली आहे. काम करायला मेमरी २ किलोबाइट. चित्र काढणारी चिप वेगळी, तिला पीपीयू म्हणतात. तिच्याकडे स्वतःची २ किलोबाइट मेमरी, शिवाय ६४ स्प्राइटांच्या (पडद्यावर सुट्या हलणाऱ्या छोट्या चित्रांच्या) नोंदीसाठी २५६ बाइट. पडदा २५६ गुणिले २४० पिक्सेलचा. आवाजाला पाच वाहिन्या: दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी, एक खरखर आणि एक ध्वनिमुद्रित नमुने वाजवणारी.

प्रोग्रॅम मेमरीत कॉपी होत नाही, तो कॅसेटमधल्या रोमवरूनच (फक्त वाचता येणाऱ्या चिपेवरूनच) थेट चालतो. त्यामुळे २ किलोबाइट ऐकायला वाटतात तितके कमी पडत नाहीत. त्यात फक्त बदलणाऱ्या गोष्टी ठेवायच्या असतात.

४. हे कायदेशीर आहे का?

स्वतःचा कोड, स्वतःची चित्रं, स्वतःचं संगीत असेल तर हो. या मशीनमध्ये कॉपी करावी लागेल अशी कंपनीची कुठलीही अंतर्गत प्रणाली नाही. चालू केलं की प्रोसेसर सरळ तुमच्या कॅसेटमधला पत्ता वाचतो. वेगवेगळे प्रोग्रॅम एकमेकांशी जुळावेत म्हणून लागणारी माहिती मिळवण्याला भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे, मात्र ती माहिती सहज उपलब्ध नसेल आणि मूळ प्रोग्रॅम तुमच्याकडे कायदेशीर मार्गाने आलेला असेल तरच.

न चालणाऱ्या गोष्टी: दुसऱ्याच्या गेममधली चित्रं उचलणं, कंपनीचं नाव किंवा बोधचिन्ह वेष्टनावर छापणं आणि इतरांच्या गेमच्या फाइली, म्हणजे रोम, वाटणं. मारिओचं चित्र बदलून त्याला फेटा बांधला म्हणून तो तुमचा होत नाही.

५. सुरुवातीला काय काय विकत घ्यावं लागेल?

काहीही नाही. साधा लॅपटॉप पुरतो. असेंब्ली (प्रोसेसरच्या थेट सूचनांची भाषा) आणि सी या दोन्हींसाठी सीसी६५, चालवून बघायला आणि चुका शोधायला मेसेन हा इम्युलेटर (लॅपटॉपवर या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम), चित्रांसाठी वायवाय-सीएचआर किंवा नेक्स्ट, संगीतासाठी फॅमिस्टुडिओ किंवा फॅमिट्रॅकर. सगळं फुकट. माळ्यावरचं मशीन खाली काढायची घाई करू नका, त्याची पाळी प्रश्न १० मध्ये येते.

६. सी मध्ये लिहू की असेंब्लीत?

माझं मत स्पष्ट आहे: पहिला छोटा गेम असेंब्लीत लिहा, मग हवं तर सीकडे या. ६५०२ मध्ये ए, एक्स आणि वाय एवढेच कामाचे रजिस्टर आहेत आणि त्याच्या सूचना दोन आठवड्यांत हाताला बसतात. ते न शिकता सी वापरलं की गेम अचानक अडखळायला लागतो आणि का अडखळतोय ते उमगत नाही.

सी वापरायचंच असेल तर: चिन्हविरहित एक बाइटचे चल वापरा, फंक्शनच्या आतले स्थानिक चल टाळून जागतिक ठेवा आणि गुणाकार-भागाकाराऐवजी आधी तयार केलेले तक्ते वाचा. प्रोसेसरला गुणाकाराची सूचनाच नाही, त्यामुळे सीमधलं एक साधं गुणिले चिन्ह आतमध्ये लांबलचक लूप बनतं. पहिली २५६ बाइट, म्हणजे झीरो पेज, सगळ्यात जलद. सतत लागणारे चल तिथे ठेवा.

७. पहिला प्रोग्रॅम काय असावा?

पडदा एका रंगाने भरणं. मग एक स्प्राइट दाखवणं. मग तो कंट्रोलरने हलवणं. या तीन पायऱ्यांत मशीन चालू होण्याची पद्धत, पॅलेट (रंगांचा संच), स्प्राइटांची नोंद आणि कंट्रोलर वाचणं, सगळं येऊन जातं. चौथ्या पायरीवर भिंतीला आपटून थांबणं. एवढं झालं की तुमच्या हातात गेमचा सांगाडा आहे. थेट मोठ्या साहसकथेपासून सुरुवात करणारे बहुतेक जण मध्येच सोडतात.

८. मी चित्र नीट रंगवलं, पण पडद्यावर शेजारचे रंग बदलतात. का?

चित्रं ८ गुणिले ८ पिक्सेलच्या टाइलमध्ये साठवतात. एक टाइल १६ बाइटची: आठ बाइट पहिल्या थराचे, आठ दुसऱ्याचे. दोन्ही थरांतला एकेक बिट मिळून त्या पिक्सेलचा रंग ठरतो, म्हणून एका टाइलमध्ये तीन रंग आणि एक मागचा. टाइलमध्ये रंग नसतो, रंगाचा फक्त क्रमांक असतो.

खरा रंग पॅलेटमधून येतो. पार्श्वभूमीसाठी चार पॅलेट आहेत आणि कुठला वापरायचा हे एकेका टाइलला ठरवता येत नाही, १६ गुणिले १६ पिक्सेलच्या चौकोनाला ठरवावं लागतं. शेजारचे रंग बदलतात ते यामुळे. उपाय आराखड्यातच करायचा: नकाशाची वीट १६ गुणिले १६ चीच धरा. स्प्राइटांचे चार पॅलेट वेगळे. सगळं मिळून एका वेळी जास्तीत जास्त २५ रंग.

काळ्यासाठी $०एफ वापरा, $०डी कधीही नाही ($ म्हणजे पुढचा आकडा सोळाच्या पटीत मोजलेला). तो 'काळ्याहून काळा' सिग्नल काही टीव्हींचं चित्रच अस्थिर करतो.

९. शत्रू जास्त झाले की ते लुकलुकतात किंवा गायब होतात.

एका आडव्या रेघेवर आठच स्प्राइट दिसतात, नववा गळतो. ही मर्यादा जात नाही, वाटून घ्यावी लागते: दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, स्प्राइटांचा क्रम फिरवत राहा, म्हणजे एकच बिचारा कायमचा गायब न होता सगळे थोडेथोडे लुकलुकतील.

१०. खऱ्या मशीनवर कसा चालवायचा?

सोपा मार्ग फ्लॅश कॅसेट. एव्हरड्राइव्ह एन८ फॅमिकॉमच्या ६० पिनांत आणि एनईएसच्या ७२ पिनांत अशी दोन्ही रूपांत मिळते. मेमरी कार्डावर फाइल टाकायची, लावायची. बाहेरून मागवली तर सीमाशुल्क धरून महाग पडते आणि प्रत्येक क्लोनवर चालेलच असं नाही.

दुसरा मार्ग ईप्रॉम, म्हणजे प्रोग्रॅम घरी भरता येणारी रोम चिप. साध्या, मॅपर (जास्तीच्या रोमसाठीची चिप, प्रश्न १४) नसलेल्या गेमला प्रोग्रॅमसाठी एक २७सी२५६ आणि चित्रांसाठी एक २७सी६४ पुरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी केली की जुन्या चिपा निघतात. अडचण कॅसेटच्या पाटीची, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डाची आहे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या कॅसेटींत चिपेऐवजी काळ्या डांबरासारखा ठिपका असतो, तो काढून काही बसवता येत नाही. सोल्डर केलेल्या सुट्या चिपा असलेली पाटी शोधा आणि जोडण्यापूर्वी चिपेच्या माहितीपत्रकावरून एकेक पिन ताडून बघा.

कॅसेट लागत नसेल तर फुंकर मारू नका. तोंडातला ओलावा पिनांवर बसतो आणि त्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

११. इम्युलेटरवर झकास चालतो, खऱ्या मशीनवर काळा पडदा किंवा कचरा दिसतो!

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. मशीन बिघडलेलं असण्याची शक्यता फार कमी. खालच्या क्रमाने तपासा, याच क्रमाने कारणं सापडतात.

पहिलं, मेमरी. इम्युलेटर बहुधा ती शून्याने भरून देतो. खऱ्या मशीनमध्ये चालू करताना तिच्यात काहीही असू शकतं. 'आयुष्य' किंवा 'गुण' यांना तुम्ही सुरुवातीची किंमत दिली नसेल तर प्रत्येक वेळी वेगळा गोंधळ दिसेल. सुरुवातीलाच २ किलोबाइट स्वतः पुसून घ्या.

दुसरं, पीपीयूला जाग यायला वेळ लागतो. चालू केल्यावर प्रोसेसरची सुमारे २९,६५८ चक्रं होईपर्यंत ती तिच्या काही रजिस्टरांत लिहिलेलं चक्क दुर्लक्षित करते. म्हणून $२००२ वाचत दोन वेळा व्हीब्लँक (एक चित्र आखून झाल्यावर पुढचं सुरू होईपर्यंतचा मोकळा वेळ) येऊ द्यायचा आणि मगच पॅलेट भरायला घ्यायचा. मधल्या वेळात वरची मेमरी पुसून होते.

तिसरं, चित्र आखलं जात असताना पीपीयूच्या मेमरीत लिहिणं. ती मेमरी फक्त व्हीब्लँकमध्ये, किंवा चित्र बंद ठेवून, हात लावण्याची आहे. ६० हर्ट्झच्या मशीनवर व्हीब्लँक सुमारे २,२७३ चक्रांचा असतो. त्यातली ५१३ किंवा ५१४ एकट्या $४०१४ मार्गे स्प्राइटांची नोंद पाठवण्यात जातात. उरलेल्यात बसेल तेवढंच लिहा, बाकीचं पुढच्या फ्रेमला. लिहून झाल्यावर स्क्रोल (चित्र किती सरकवून दाखवायचं ते) पुन्हा ठरवायला विसरू नका, नाहीतर चित्र उडी मारतं.

चौथं, पडद्यावरच्या स्थिर पट्टीसाठी शून्य क्रमांकाच्या स्प्राइटची टक्कर (तो पार्श्वभूमीला टेकल्याची पीपीयूची खूण) वापरत असाल आणि ती टक्कर एखाद्या फ्रेमला झालीच नाही, तर वाट पाहणारा लूप कायमचा अडकतो. त्या लूपला बाहेर पडायची दुसरी वाट ठेवा.

या बऱ्याच गोष्टी घरबसल्या पकडता येतात. मेसेनमध्ये सुरुवातीची मेमरी यादृच्छिक भरण्याची आणि किंमत न दिलेला चल वाचला की थांबण्याची सोय आहे. पहिल्या दिवसापासून दोन्ही चालू ठेवा. मॅपर वापरत असाल तर प्रश्न १४ सुद्धा बघा.

१२. माझा गेम आपल्याकडच्या मशीनवर संथ का चालतो?

आपला टीव्ही ५० हर्ट्झचा, म्हणून इथले क्लोनही तसे. गेम दर फ्रेमला एक पाऊल टाकत असेल तर सेकंदाला ६० ऐवजी ५० पावलं पडतात आणि संगीतही त्याच प्रमाणात रेंगाळतं.

इथे एक बारकावा आहे. ५० हर्ट्झची मशीनं दोन जातींची. युरोपातल्या अस्सल एनईएसचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणून सूरही खाली उतरतात, आणि तिचा व्हीब्लँक लांबलचक, ७० रेघांचा. क्लोन बनवणाऱ्यांनी वेगळी युक्ती केली. जपानी गेम न बिघडता चालावेत म्हणून प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झचा ठेवला आणि व्हीब्लँकही २० रेघांचाच. जास्तीच्या ५० रेघा त्यांनी चित्र संपल्यानंतर आणि व्हीब्लँकची सूचना येण्यापूर्वी रिकाम्या सोडल्या. रशियात अशाच क्लोनला डेंडी म्हणत, इम्युलेटरमध्येही ही जात त्याच नावाने सापडेल. थोडक्यात, क्लोनवर गणिताला वेळ जास्त मिळतो, चित्र बदलायला नाही. 'पाल (५० हर्ट्झची टीव्ही पद्धत) आहे, व्हीब्लँक मोठा असेल' असं धरून लिहिलेला कोड इथे फसतो.

उपाय: गेम सुरू होताना दोन व्हीब्लँकांच्या मध्ये एक लूप किती वेळा फिरतो ते मोजा. तिन्ही जातींचे आकडे वेगवेगळे येतात. ५० हर्ट्झ निघाला तर दर पाच फ्रेमला खेळाचं आणि संगीताचं एक पाऊल जास्तीचं टाका. एवढं केलं की तुमचा गेम परदेशी संग्राहकाच्या मशीनवर आणि तुमच्या मावशीच्या घरच्या क्लोनवर सारख्याच वेगाने चालतो. माझ्या मते मराठी माणसाने लिहिलेला गेम दुसऱ्यावर आधी तपासायला हवा.

१३. गेममध्ये मराठी मजकूर दाखवता येईल का?

येतो, आणि दाखवाच. बरेच जण रोमन लिपीत 'सुरू करा' लिहून मोकळे होतात, कारण ८ गुणिले ८ च्या टाइलमध्ये 'क्ष' मावत नाही. पण देवनागरीची रचना या मशीनला वाटते त्याहून जास्त मानवते.

युक्ती शिरोरेषेत आहे. शिरोरेषा टाइलच्या अगदी पहिल्या ओळीवर ठेवा. मग तिच्या वरचं सगळं, म्हणजे मात्रा, वेलांटीचा वरचा भाग, अनुस्वार, रफार, वरच्या टाइलमध्ये जातं आणि अक्षरापासून सुटं होतं. अक्षराचं अंग त्याखाली दोन टाइल उंच. उकार त्याच्याही खाली, वेगळ्या टाइलमध्ये. उदाहरणार्थ 'पुणे'. सगळ्यात वरच्या ओळीत 'प'च्या डोक्यावर रिकामी टाइल आणि 'ण'च्या डोक्यावर मात्रेची. मधल्या दोन ओळींत 'प' आणि 'ण'. खालच्या ओळीत 'प'खाली उकार. मात्रेची तीच टाइल मग 'वे', 'ते', 'ने' सगळीकडे चालते, पण एका अटीवर: सगळ्या अक्षरांची उजवी उभी रेघ टाइलमधल्या त्याच रकान्यावर आली पाहिजे. अक्षरं रेखाटण्याआधी हा रकाना ठरवून घ्या.

ज्यांना शेवटी उभी रेघ नाही, अशा ट, ठ, ड, ढ, द, र, ह यांच्यासाठी, आणि जिची रेघ मध्ये आहे त्या क, फ यांच्यासाठी मात्रेची दुसरी टाइल लागते. 'रु', 'रू' वेगळी काढावी लागतात. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा र विसरू नका, हिंदीसाठी बनवलेल्या अक्षरसंचात तो बऱ्याचदा नसतो. ळ तर हवाच.

जागेचं गणित: रुंद अक्षराला चार टाइल, अरुंदाला दोन. व्यंजनं, मात्रा आणि नेहमीची जोडाक्षरं २५६ च्या एका संचात बसतात. पडद्यावर ३० ओळी टाइल असतात आणि मजकुराच्या एका ओळीला चार लागतात. कडेचा भाग टीव्ही कापतो तो सोडला तर सहा ओळी आरामात मिळतात. तेवढ्यात संवाद बसतो, वाक्यं मात्र आटोपशीर लिहावी लागतात.

जोडाक्षरं जुळवायचं काम ६५०२ वर टाकू नका. मजकूर संगणकावर लिहा, छोट्या पायथन प्रोग्रॅमने त्याचे टाइल-क्रमांक करून घ्या आणि तेच रोममध्ये भरा. मशीनने फक्त ओळीने क्रमांक मांडायचे.

१४. ३२ किलोबाइट संपले. आता?

मॅपर. कॅसेटमधली एक जास्तीची चिप रोमचे तुकडे आलटून पालटून प्रोसेसरसमोर आणते. पहिल्यांदाच करत असाल तर यूएनरॉम घ्या: १६ किलोबाइटचा एक तुकडा बदलता, एक कायमचा. चित्रं रोमऐवजी मेमरीत असल्याने टाइल चालू गेममध्येही बदलता येतात, मराठी मजकुराला ते फारच सोयीचं. एमएमसी३ या मॅपरमध्ये सोयी पुष्कळ, पण खरोखर गरज पडल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

यूएनरॉम आणि सीएनरॉम या दोन्ही साध्या मॅपरांमध्ये एक सापळा आहे. तुकडा बदलायला तुम्ही रोमच्या पत्त्यावर लिहिता, त्याच क्षणी रोमही आपली किंमत त्याच तारांवर ठेवतो. दोन्ही वेगळ्या असल्या तर काय होईल याचा नेम नाही. म्हणून रोममध्ये ०, १, २, ३ असा छोटा तक्ता ठेवा आणि जी किंमत लिहायची, ती जिथे आधीच आहे त्याच जागी लिहा. शिवाय सुरुवातीला कुठला तुकडा समोर असेल ते गृहीत धरू नका. सुरुवातीचा कोड कायमच्या तुकड्यातच हवा.

१५. ढोलाचा नमुना वाजला की माझा हिरो आपोआप उजवीकडे सरकतो!

हा तुमचा दोष नाही, मूळ चिपेचा आहे. नमुना वाजवणारी वाहिनी पुढचा बाइट आणायला प्रोसेसरला क्षणभर थांबवते. तो क्षण नेमका कंट्रोलर वाचण्याच्या वेळी आला तर एक बिट गळतो आणि बाकीचे एकेक घर पुढे सरकतात. आठ बटणांत 'उजवीकडे' शेवटचं. रिकाम्या झालेल्या शेवटच्या घरात १ येतो आणि तेच दाबलं गेल्यासारखं दिसतं. कंट्रोलर दोनदा वाचा, दोन्ही उत्तरं जुळेपर्यंत. युरोपातल्या एनईएसमध्ये हा दोष दुरुस्त केला होता.

१६. एलसीडी टीव्हीवर बंदूक का चालत नाही?

बंदूक गोळी सोडत नाही, ती पडद्यावरचा उजेड बघते. घोडा दाबला की गेम पडदा काळा करून लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो आणि तो उजेड लगेच दिसण्याची वाट पाहतो. नवे टीव्ही चित्र उशिरा दाखवतात, शिवाय त्यांचा उजेड जुन्या नळीसारखा लखलखत नाही. बंदुकीचा गेम लिहायचा असेल तर जुना डब्बा टीव्ही सांभाळून ठेवा.

१७. माझ्या गेमच्या कॅसेट बनवून विकायच्या आहेत. स्वस्तातल्या पाट्या घेऊ का?

आधी त्यावरच्या फ्लॅश चिपेचा व्होल्टेज बघा. हे मशीन ५ व्होल्टचं आहे. बऱ्याच स्वस्त पाट्यांवर ३.३ व्होल्टची चिप मध्ये काहीही न घालता थेट जोडलेली असते. ती आज चालते, पण चिपेवर आणि मशीनवर दोन्हींवर ताण येतो. लोकांनी तीस वर्षं जपलेल्या मशीनमध्ये तुमची कॅसेट जाणार आहे. ५ व्होल्टची चिप किंवा मध्ये व्होल्टेज जुळवणारी चिप असलेलीच पाटी घ्या. ७२ पिनांच्या एनईएसमध्ये परवानगी नसलेली कॅसेट अडवणारी कुलुपाची चिप असते, तिला उत्तर देणारी चिपही लागते. ६० पिनांच्या मशीनला कुलूप नाही.

१८. संगीत इम्युलेटरवर वेगळं आणि क्लोनवर वेगळं ऐकू येतं. वेग तर बरोबर आहे.

वेग बरोबर असेल (नसेल तर प्रश्न १२) आणि तरी आवाजाचा पोत बदलला असेल, तर चौकोनी लहरींची रुंदी तपासा. बऱ्याच क्लोन चिपांत ती ठरवणारे दोन बिट उलटे जोडलेले आहेत. २५ टक्के मागितले की ५० मिळतात आणि ५० मागितले की २५. बारीक बासरीसारखा आवाज जाड होतो.

०० आणि ११ हे बिट उलटे केले तरी तसेच राहतात, म्हणजे १२.५ आणि ७५ टक्के दोन्ही मशीनवर सारखे. आणि ७५ टक्क्यांची लहर ही २५ टक्क्यांचीच उलटी, कानाला दोन्हींत फरक कळत नाही. म्हणून २५ हवे तिथे ७५ लिहा. ५० टक्क्यांना मात्र असा पर्याय नाही. ती रुंदी टाळता येत नसेल तर सुरुवातीच्या पडद्यावर दोन आवाज वाजवून दाखवा, खेळणाऱ्याला निवडू द्या आणि त्यानुसार बिट बदला.